आठपैकी आठ: ड्युटीच्या तक्त्यावरून जन्मठेप, आणि सात वर्षांनी उलटलेला निकाल

रात्रपाळी

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी २१ वर्षं काम करते आहे. त्यातली निम्मी वर्षं नाईटची. हे आधीच सांगते, म्हणजे मी कुठे उभी राहून बोलते आहे ते कळेल.

मागे एका खाजगी रुग्णालयात असताना माझ्या लागोपाठ तीन नाईट वाईट गेल्या. पहिल्या रात्री २६ आठवड्यांतच जन्मलेलं बाळ, दुसऱ्या रात्री हृदयात जन्मजात दोष असलेलं, तिसऱ्या रात्री सेप्सिसचं (रक्तातल्या जंतुसंसर्गाचं). तिघंही आधीपासून गंभीर होती, केसपेपरवर तसं लिहिलेलं होतं. चौथ्या दिवशी पाळी सोपवताना, हँडओव्हरच्या वेळी, एक सिनियर सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या नाईटलाच कसं गं होतं हे?" इनचार्जनी मला पुढचे पंधरा दिवस डे लावला. आपुलकीने लावला की संशयाने, ते मला आजही कळलेलं नाही. त्या पंधरवड्यात नाईटला कुणीच दगावलं नाही, आणि कुजबुज आणखी वाढली. मी घरी कॅलेंडर समोर घेऊन एकेक तास आठवत बसायचे. एखादा डोस चुकला का, एखादा अलार्म ऐकू आला नाही का. काही राहिलं नव्हतं. तरी माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता.

लुसिया डे बर्कबद्दल मी त्यानंतर वाचलं, आणि एका बैठकीत वाचून संपवू शकले नाही.

लुसिया हेग शहरातल्या युलियाना बाल रुग्णालयात परिचारिका होती. ४ सप्टेंबर २००१ च्या पहाटे तिथे एक तान्ही मुलगी गेली. मुलीला हृदयाचे गंभीर दोष होते आणि मृत्यू सुरुवातीला नैसर्गिक म्हणूनच धरला गेला. मग कुणीतरी बोललं की आधीच्या वाईट प्रसंगांनाही लुसियाच हजर होती. तिथून चक्र फिरलं. जुने केसपेपर काढले गेले, प्रकरण पोलिसांकडे गेलं, १३ डिसेंबर २००१ ला तिला अटक झाली. २४ मार्च २००३ ला चार खून आणि तीन खुनांचे प्रयत्न यांसाठी जन्मठेप. नेदरलँड्समध्ये तेव्हा जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत तुरुंग. ती अपिलात गेली तर १८ जून २००४ ला चाराचे सात खून झाले आणि वर सक्तीचे मानसोपचार. तिला काही टोचताना, काही पाजताना कुणीही पाहिलं नव्हतं. तिने एकदाही गुन्हा कबूल केला नाही.

मग होतं काय तिच्याविरुद्ध? ड्युटीचा तक्ता होता. त्या वॉर्डातल्या आठ 'घटना', आणि आठच्या आठ तिच्या पाळीत.

आता ही 'घटना' कशी ठरली ते पाहा. आधी नैसर्गिक मानलेले मृत्यू आणि जीव वाचलेले प्रसंग पुन्हा तपासले गेले, पण ती माणसं तपासताना ड्युटीवर कोण होतं ते त्यांना ठाऊक होतं. तिच्या पाळीतला प्रसंग असेल तर 'अनपेक्षित', दुसरीच्या पाळीतला असेल तर 'आजारच तसा होता'. अशी चाळणी लावली तर तिच्या नावापुढे फुल्या जमणारच. माझ्या त्या तीन रात्रींनाही असंच कुणी चाळलं असतं तर?

आणखी एक गोष्ट नंतर बाहेर आली, तिच्यावर मी कितीतरी दिवस विचार करत होते. ती वॉर्डात येण्याच्या आधीच्या तीन वर्षांत तिथे सात मृत्यू झाले होते. ती असतानाच्या तीन वर्षांत सहा. म्हणजे जिथे खुनी मोकाट फिरत होती म्हणतात, तिथे मृत्यू एकाने कमी झाले होते. ही तुलना खटल्यात पुढे यायला हवी होती, पण ती मांडायला बाहेरची माणसं लागली.

तिच्या डायरीत एका वृद्ध रुग्णाच्या मृत्यूच्या दिवशी आपल्या 'अनावर ओढीला' बळी पडल्याचं लिहिलेलं होतं. ती म्हणाली, ही ओढ म्हणजे रुग्णांसाठी टॅरोची पानं लावून पाहायची. न्यायालयाने ते मानलं नाही. आपल्यापैकी कितीजणी नाईटनंतर डायरीत काय काय लिहीत असतील! ते उद्या सरकारी वकिलांच्या हातात पडलं तर त्याचा अर्थ कोण सांगणार?

प्रकरण फिरवलं ते मेटा डे नो नावाच्या डॉक्टरने. ती वृद्धांवर उपचार करणारी, आणि ज्या प्रमुख बालरोगतज्ज्ञांनी संशय पुढे नेला त्या तिच्या नात्यातल्याच. घरातल्या घरात तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिचा भाऊ टॉन डर्कसन हा विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याने कागदपत्रं धुंडाळून २००६ मध्ये या खटल्यावर पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी लुसियाला तुरुंगात पक्षाघाताचा झटका आला, आणि जुलैत अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे २ एप्रिल २००८ ला तिला बाहेर सोडलं, ७ ऑक्टोबर २००८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा उघडला, आणि १४ एप्रिल २०१० ला आर्नहेमच्या न्यायालयाने तिला पूर्ण निर्दोष ठरवलं. त्या वेळी सरकारी पक्षानेही निर्दोष सोडण्याचीच मागणी केली होती. न्यायमंत्र्यांनी माफी मागितली. सहा वर्षांहून जास्त काळ ती आत होती.

हे आज लिहायचं कारण इंग्लंडमधली लुसी लेटबी, नवजात बाळांच्या खुनांसाठी जन्मठेप झालेली नर्स. तिचाही अर्ज फेरतपासणीसाठी गेलेला आहे. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, मला ते ठरवता येणार नाही. पण रोस्टरवरच्या फुल्या पाहिल्या की माझ्या पोटात गोळा येतो. इथल्या जाणकारांनी लिहावं.

माजघर

वाचताना अंगावर काटा आला. रात्रपाळीताई, तुमचा स्वतःचा अनुभव लिहिलात त्याबद्दल आभार. माझी आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. "मृत्यू कुणाच्याही पाळीत होवो, सही आपली असते" असं ती म्हणायची.

शून्यलब्धी

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, आणि हा खटला दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे मांडतो. धाग्यात आकडे यायला हवेत म्हणून लिहितो.

युलियाना रुग्णालयात धरलेल्या काळात एकूण १०२९ पाळ्या. त्यांतल्या १४२ लुसियाच्या. घटना ८, तिच्या पाळीत ८. याशिवाय ती आधी जिथे काम करत होती त्या रेड क्रॉस रुग्णालयाचे दोन वॉर्ड घेतले. एका वॉर्डात ३३९ पाळ्या, तिच्या ५८, घटना १४, तिच्या पाळीत ५. दुसऱ्या वॉर्डात ३३६ पाळ्यांपैकी तिची फक्त एक, घटना ५, आणि त्या एकाच पाळीत एक.

सरकारी पक्षाच्या तज्ज्ञाने तिन्ही ठिकाणच्या शक्यता काढल्या आणि एकमेकींनी गुणल्या. उत्तर आलं ३४ कोटी २० लाखांत एक. हा आकडा वर्तमानपत्रांत गेला आणि लोकांच्या डोक्यातून पुन्हा निघाला नाही.

ती गुणाकाराची पायरीच चुकीची होती. मुलांना मी असं सांगतो. एक अगदी साधी, निर्दोष नर्स घ्या. तिच्या वॉर्डात घडलेलं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता निम्मी, म्हणजे त्यात संशयाला काहीही जागा नाही. आता ती आयुष्यात २० वॉर्डांत काम करते आणि प्रत्येक ठिकाणी असंच निम्मं-निम्मं. गुणाकार केला तर उत्तर येतं दहा लाखांत एक. नोकऱ्या बदलल्या एवढ्याने बाई खुनी ठरली! जितके वॉर्ड जास्त तितका आकडा भयंकर.

दुसरी चूक त्याहून खोल आहे. 'ती निर्दोष असेल तर असा योगायोग घडण्याची शक्यता' आणि 'असा योगायोग घडला आहे तर ती निर्दोष असण्याची शक्यता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नर्सने रुग्णांचे खून पाडणं हेसुद्धा अत्यंत दुर्मीळ आहे. एका दुर्मीळ गोष्टीची तुलना दुसऱ्या दुर्मीळ गोष्टीशी करायला हवी, कोर्टात एकच पारडं दाखवून चालत नाही.

रिचर्ड गिल, पीट ग्रुनेबोम वगैरे संख्याशास्त्रज्ञ मंडळींनी हाच हिशेब नीट मांडला, वॉर्डावॉर्डांतला आणि नर्सानर्सांतला स्वाभाविक फरक धरला, तेव्हा ३४ कोटींची शक्यता २५ ते ५० मध्ये एक इतकी खाली आली. म्हणजे एखाद्या मोठ्या शहरातल्या नर्सेस मोजल्या तर कितीतरी जणींच्या वाट्याला असा तक्ता येईल.

अपील न्यायालयाने २००४ मध्ये लिहिलं होतं की आपण संख्याशास्त्रीय शक्यतेवर निकाल दिलेला नाही. तसं असेल तर पुरावा कुठला? एक-दोन मृत्यू विषबाधेचे धरले, आणि बाकीच्यांना त्यांच्या मागे साखळीसारखं जोडलं. पहिली कडी पक्की वाटली की पुढच्या कड्यांसाठी कमी पुरावा चालतो. ती पहिली कडी म्हणजे त्या तान्ह्या मुलीच्या मृत्यूत विष म्हणून धरलेलं डिगॉक्सिन नावाचं औषध. त्यावर इथे कुणी औषधशास्त्रातलं किंवा लॅबमधलं असेल तर लिहावं.

हेमांगी_क

सगळं मान्य, पण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. बेव्हर्ली ॲलिट नावाच्या नर्सने इंग्लंडमध्ये खरोखर मुलांचे खून केले, १९९३ मध्ये तिला शिक्षा झाली. डॉक्टर हॅरॉल्ड शिपमनने तर सरकारी चौकशीच्या हिशेबाने २१५ जणांना मारलं, आणि आसपासच्यांना शंका येऊनही कित्येक वर्षं कुणी हालचाल केली नाही. लेटबीच्या बाबतीतही डॉक्टर वारंवार सांगत होते आणि व्यवस्थापन ऐकत नव्हतं, असं चौकशीत पुढे आलं आहे ना? ज्या आईबापांचं बाळ गेलं त्यांना दर महिन्याला टीव्हीवर 'ती निर्दोष आहे' ऐकावं लागतं. त्यांचा विचार कुणी करायचा?

वाडेश्वर

+१ हेमांगी.

लेस्टरची_ओवी

मी इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ आहे. लेटबी जिथे होती त्या चेस्टरच्या रुग्णालयाशी माझा काही संबंध नाही. बोलू की नको असा दोन दिवस विचार केला. इथे स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की लोक आवाज खाली करतात.

काउंटेस ऑफ चेस्टर रुग्णालयात जून २०१५ ते जून २०१६ या काळात नवजात विभागातले मृत्यू वाढले. लेटबीला जुलै २०१६ मध्ये तिथून हलवलं. पहिली अटक जुलै २०१८. मँचेस्टरला ऑक्टोबर २०२२ पासून दहा महिने खटला चालला. ऑगस्ट २०२३ मध्ये सात बाळांचे खून आणि आणखी सहा बाळांच्या खुनाचे प्रयत्न यांत ती दोषी ठरली, सुटकेची कुठलीही आशा नसलेली जन्मठेप झाली. जुलै २०२४ मध्ये आणखी एका बाळाच्या बाबतीत दोषी.

ज्यूरीला एक तक्ता दाखवला होता. एका बाजूला २५ घटना, वर ३८ परिचारिकांची नावं, आणि लेटबीच्या रकान्यात सलग फुल्या. रात्रपाळीताई, तुमच्या पोटात गोळा आला तो याच तक्त्यामुळे असणार. त्या काळात विभागात आणखीही बाळं दगावली होती. ज्यांच्याबद्दल तिच्यावर आरोप नव्हता ती त्या तक्त्यात नव्हती.

ती गेल्यावर मृत्यू थांबले, हेही वारंवार सांगितलं जातं. पण त्याच जुलैमध्ये रुग्णालयाने विभागाचा दर्जा खाली आणला आणि ३२ आठवड्यांच्या आतली बाळं घेणं बंद केलं. सर्वात नाजूक बाळं येणंच बंद झाल्यावर मृत्यू कमी होणार हे आम्हाला कुणी समजावून द्यावं लागत नाही. तुम्हाला डे लावल्यावर नाईट शांत गेल्या, तसंच हे.

कॅनडातले डॉ. शू ली यांनी १९८९ मध्ये रक्तात हवा शिरण्यावर एक लेख लिहिला होता. सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांनी त्याचा आधार घेतला. खुद्द ली म्हणाले की माझ्या लेखाचा चुकीचा अर्थ लावला गेला. त्यांनी १४ तज्ज्ञांचं मंडळ जमवलं आणि ४ फेब्रुवारी २०२५ ला सांगितलं की आम्हाला कुठल्याही बाळात खुनाचा वैद्यकीय पुरावा दिसला नाही, दिसले ते नैसर्गिक आजार आणि उपचारांतल्या त्रुटी. अपील न्यायालयाने मात्र त्याआधीच, २०२४ मध्ये, लींचं म्हणणं बाजूला ठेवलं होतं. हा साक्षीदार मूळ खटल्यातच बोलावता आला असता, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, बचाव पक्षाने मूळ खटल्यात एकही वैद्यकीय तज्ज्ञ साक्षीला उभा केला नाही. लेटबी स्वतः आणि एक प्लंबर, एवढेच. प्लंबरने सांडपाण्याचे पाइप तुंबण्याबद्दल साक्ष दिली.

हेमांगी, तुमचा प्रश्न मला टोचतो, कारण त्या आईबापांसारख्यांशीच माझं रोजचं बोलणं असतं. खटल्यातल्या कुटुंबांनी ही मोहीम क्लेशकारक असल्याचं स्पष्ट सांगितलं आहे. पण बाळ खरोखर उपचारांच्या त्रुटीने गेलं असेल तर तेही त्यांना कळायला नको का? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरं कारण कुणी शोधतच नाही.

एक सांगते, ज्यूरीने दहा महिने जे ऐकलं ते सगळं आपण ऐकलेलं नाही. तिच्या घरात सापडलेले हँडओव्हरचे कागद, शोकात असलेल्या आईबापांना समाजमाध्यमांवर शोधणं, चिठ्ठीवर लिहिलेलं 'मी दुष्ट आहे, मी हे केलं'. त्याच चिठ्ठीवर 'मी काही चुकीचं केलेलं नाही' असंही होतं. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर.

परीक्षानळी

शून्यलब्धी सरांनी हाक मारली म्हणून लिहिते. मी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे.

डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, आणि त्याची मात्रा फार थोडी इकडेतिकडे झाली तरी जीवावर बेततं. रक्तात ते मोजण्याची नेहमीची पद्धत प्रतिपिंडांवर (अँटिबॉडीवर) चालते. प्रतिपिंड डिगॉक्सिनला चिकटतं आणि यंत्र आकडा दाखवतं. अडचण अशी की नवजात बाळांच्या आणि आजारी माणसांच्या शरीरात डिगॉक्सिनसारखे दिसणारे पदार्थ आपोआप तयार होतात, आणि प्रतिपिंड त्यांनाही चिकटतं. शिवाय मृत्यूनंतर ऊतींतलं औषध रक्तात उतरतं, त्यामुळे मृत्यूनंतरच्या नमुन्याचा आकडा जिवंतपणीच्या आकड्यासारखा वाचता येत नाही. लुसियाच्या वॉर्डात ४ सप्टेंबरला गेलेल्या त्या मुलीला तर आधी उपचार म्हणूनही डिगॉक्सिन दिलेलं होतं. स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेने जास्त नेमक्या पद्धतीने तपासणी केली तेव्हा विषबाधेच्या म्हणण्याला आधार मिळाला नाही. तो अहवाल दोन वर्षं पुढे आलाच नाही.

लेटबीच्या खटल्यात दोन बाळांना इन्सुलिन दिल्याचं म्हटलं आहे. इन्सुलिनचा आकडा खूप जास्त आणि सी-पेप्टाइडचा खूप कमी. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सी-पेप्टाइड सोबत येतंच, म्हणून हे बाहेरून दिलं असा निष्कर्ष. तर्क बरोबर आहे. पण तो आकडाही प्रतिपिंडांच्या चाचणीचा. कुणी मुद्दाम इन्सुलिन टोचल्याचा संशय असेल तर नमुना विशेष प्रयोगशाळेकडे पाठवून खात्री करावी, अशी सूचना लॅबच देते. तशी खात्री झालेली नव्हती. मी माझ्या लॅबमधून 'क्लिनिकल उपयोगासाठी' म्हणून दिलेला आकडा उद्या फाशी-जन्मठेपेसाठी वापरला जाईल या कल्पनेनेच हात गार पडतात. आम्ही तो त्यासाठी देत नाही.

पण हेही लिहिते: कुणीतरी इन्सुलिन दिलं हे लेटबीने साक्षीत मान्य केलं होतं, फक्त मी दिलं नाही असं म्हणाली. तिला दुसरं काय म्हणता आलं असतं, ती काही लॅबची तज्ज्ञ नव्हे.

रात्रपाळी

ओवी, परीक्षानळी, शून्यलब्धी सर, तुम्ही तिघांनी लिहिलंत त्याने माझं समाधान झालं. हेमांगी, तुझं म्हणणं मी उडवून लावत नाही. ॲलिट खरी होती, शिपमन खरा होता. म्हणूनच शोध नीट व्हायला हवा. स्टॉकपोर्टच्या स्टेपिंग हिल रुग्णालयातलं बघ. २०११ मध्ये सलाइनमध्ये इन्सुलिन मिसळल्याच्या संशयावरून एका तरुण नर्सला पकडलं, सहा आठवडे तुरुंगात ठेवलं, मग आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये शिक्षा झाली ती दुसऱ्याच नर्सला. खुनी होता, पण पहिल्यांदा हात चुकीच्या माणसावर पडला. त्या मुलीचं नाव आणि फोटो तोवर देशभर झाले होते.

काळा_कोट

नागपूरहून. फौजदारी वकिली करतो. फेरतपासणी म्हणजे नेमकं काय, यात गोंधळ होतो आहे.

अपिलात वरचं न्यायालय खालच्या निकालातली चूक शोधतं. अपील संपलं की निकाल अंतिम. त्यानंतर दार उघडायचं तर बहुतेक देशांत 'नवीन' काहीतरी लागतं. नेदरलँड्समध्ये त्या वेळी अडचण हीच होती. जुन्याच कागदांवर नव्या तज्ज्ञाचं नवं मत, हे 'नवीन' मानायची पद्धत नव्हती. सुदैवाने २००५ च्या सुमारास शिडॅममधल्या एका खून प्रकरणात निर्दोष माणूस आत गेल्याचं उघड झालं होतं, आणि त्यातून संपलेल्या खटल्यांकडे पुन्हा पाहणारी समिती २००६ मध्ये उभी राहिली. लुसियाचा खटला तिच्यामार्फतच पुढे सरकला. २०१२ पासून तिथे कायदाच बदलला, तज्ज्ञांची नवी समजही 'नवीन' धरली जाते. एका परिचारिकेच्या तुरुंगवासाचा यात मोठा वाटा आहे.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून फौजदारी खटल्यांच्या फेरतपासणीचा स्वतंत्र आयोग आहे, बर्मिंगहॅमला. तो स्वतः निकाल फिरवत नाही. अपील न्यायालय निकाल रद्द करेल अशी 'खरीखुरी शक्यता' दिसली तर प्रकरण तिकडे पाठवतो. लेटबीचा अर्ज फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडे गेला. ही वाट लांबची आहे. कॉलिन नॉरिस या नर्सला २००८ मध्ये शिक्षा झाली, आयोगाने प्रकरण न्यायालयाकडे पाठवलं २०२१ मध्ये, सुनावणी झाली २०२५ मध्ये. अँड्र्यू माल्किन्सन १७ वर्षं निर्दोष आत होता. आयोगाने त्याचा अर्ज दोनदा नाकारला, आणि २०२३ मध्ये डीएनएमुळे तो निर्दोष ठरल्यावर आयोगावर माफी मागायची वेळ आली.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ खाली पुनर्विलोकन याचिका. ती बहुधा न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांच्या तोंडी युक्तिवादाविना निकाली निघते. फाशीच्या प्रकरणांत मात्र २०१४ पासून खुली सुनावणी मिळते. त्यानंतर २००२ च्या रूपा अशोक हुर्रा निकालातून आलेली क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विलोकनही फेटाळल्यावरची शेवटची. बाकी राज्यपाल-राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, पण दया मागणं म्हणजे निर्दोष ठरणं नव्हे. पुरावा पुन्हा तपासणारा, कागद मागवू शकणारा, स्वतःचे तज्ज्ञ नेमू शकणारा स्वतंत्र आयोग आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईबद्दल शिफारशी केल्या. त्यावर कायदा आलेला नाही.

माझ्या पक्षकारांना मी पहिल्या दिवशी सांगतो, तज्ज्ञ साक्षीदार हवा असेल तर खालच्या कोर्टातच आणा. वर गेल्यावर 'तेव्हा का नाही आणला?' हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. पण हे सांगणं सोपं आहे. नर्सच्या पगारात नवजात-विभागाचा तज्ज्ञ, विषतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ कुठून आणायचे?

प्रवरेकाठची

कोट दादांच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. मी नगर जिल्ह्यातली, नर्सिंग झालेली आहे. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोविड रुग्ण गेले. काही दिवसांत अटक कुणाला झाली? एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याला नवजात विभागात आग लागून १० बाळं गेली, तिथेही कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. वायरिंग, अग्निशमन, इमारत, यातलं काहीही नर्सच्या हातात नसतं. आम्ही आंदोलनात उभ्या होतो तेव्हा एक म्हातारी सिस्टर म्हणाली होती, "पोरींनो, तक्त्यावर नाव आपलंच असतं." माजघर, तुमच्या आईसारखंच बोलल्या त्या.

हेमांगी_क

प्रवरेकाठची, हे आठवत होतं पण असं जोडून पाहिलं नव्हतं. मी माझा मुद्दा सोडत नाही, बाळांसाठी आवाज हवाच. पण फेरतपासणीला विरोध नाही माझा. रात्रपाळीताई, मग तुमच्या मते एखाद्या वॉर्डात खरंच मृत्यू वाढले तर काय करायचं? हात बांधून बसायचं?

शून्यलब्धी

इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने सप्टेंबर २०२२ मध्ये याच प्रश्नावर अहवाल काढला आहे, लेटबीचा खटला सुरू होण्याच्या थोडं आधी. मृत्यू संशयास्पद आहे का हे ठरवणाऱ्याला ड्युटीवर कोण होतं ते माहीत नसावं, हा त्यातला गाभा.

रात्रपाळी

हात बांधून बसायचं नाही, हेमांगी. पण क्रम बदलायचा. आधी सगळे मृत्यू काढायचे, तक्ता बंद कपाटात ठेवून. बाहेरच्या रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलता केसपेपर वाचायचे आणि प्रत्येक बाळापुढे लिहायचं, हे अपेक्षित होतं की नाही, कारण काय. त्यात इन्फेक्शन, स्टाफची कमतरता, उशिरा बोलावलेला डॉक्टर, बिघडलेलं व्हेंटिलेटर, सगळं लिहायचं. आणि मग कपाट उघडायचं. तेव्हाही एकाच बाईच्या नावापुढे फुल्या जमल्या तर जरूर पोलिसांकडे जा, मी स्वतः जबाब देईन.

आमच्या सध्याच्या विभागात मृत्यूंच्या मासिक बैठकीत मी एक बदल सुचवला होता. केस मांडताना पाळीवरच्या नर्सचं आणि रेसिडेंटचं नाव पहिल्या पानावर असायचं. मी म्हटलं, ते शेवटच्या पानावर घ्या. सुरुवातीला हसले काहीजण. आता गेले आठ महिने तसंच चालू आहे. पहिल्या पानावर फक्त बाळाचं वजन, आठवडे आणि वेळ. मागच्या महिन्यात एका मृत्यूवर चर्चा झाली, त्यात ऑक्सिजनच्या ब्लेंडरचा दोष सापडला. कोण ड्युटीवर होतं ते कुणी विचारलंच नाही. मी होते.

काळा_कोट दादा, पुनर्विलोकन आणि क्युरेटिव्ह यांत मुदती काय असतात तेवढं सवडीने लिहा, आमच्या संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवायचं आहे. आज नाईट आहे, आता निघते. कुणी काही विचारलं तर सकाळी उत्तर देईन.